भुईकोटातले बारा कैदी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२७ सप्टेंबर हा जागतिक पर्यटन दिन. १९७० साली याच तारखेला जागतिक पर्यटन संघटनेची घटना मंजूर झाली आणि १९८०पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. आपल्याकडे या दिवशी काय होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. दीपप्रज्वलन होतं, दोन-तीन भाषणं होतात, शाळेच्या मुलांना एखादी जुनी वास्तू दाखवली जाते आणि चहा-बिस्किटं घेऊन मंडळी पांगतात. असाच एक छोटेखानी कार्यक्रम काही वर्षांपूर्वी नगरच्या भुईकोट किल्ल्यात झाला, तेव्हा मीही गेलो होतो. किल्ल्यात ज्या भागाला 'नेता कक्ष' म्हणतात, तिथे. आज त्या जागेविषयी बोलायचं आहे. कार्यक्रमाविषयी थोडं, जागेविषयी जास्त.

आधी नावाचं सांगतो. २०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पंचक्रोशीतला माणूस पूर्वीही 'नगरला जाऊन येतो' म्हणायचा आणि आजही तेच म्हणतो. म्हणून मीही नगरच म्हणणार आहे. जुन्या कागदांतलं नाव आलं तर ते त्या कागदांचं समजावं.

किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे, म्हणून भुईकोट. लांबून तो दिसतही नाही. झाडी, मग खंदक, आणि खंदकाच्या पलीकडे एकदम उभी राहिलेली तटबंदी. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने बहामनी सैन्याचा इथेच, भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४च्या सुमारास सीना नदीच्या काठी शहर वसवायला घेतलं. किल्ला आधी मातीचा होता. दगडी तट चढवला तो हुसेन निजामशहाने, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर. १५९५-९६मध्ये अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला तेव्हा चांदबीबीने हाच तट लढवला. सुरुंगाने पडलेलं खिंडार तिने रातोरात बुजवून घेतलं, ही गोष्ट नगरच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. १६००मध्ये ती आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि किल्ला मोगलांकडे गेला. पुढे तो पेशव्यांकडे, शिंद्यांकडे आला आणि १८०३च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने घेतला. तोच वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत किल्ला लष्कराकडे आहे. आधी इंग्रजांच्या, मग आपल्या. म्हणजे ही वास्तू दोनशेहून अधिक वर्षं 'सरकारी'च आहे. आणि तिचा सरकारी उपयोग लढण्यापेक्षा माणसं कोंडण्यासाठी अधिक झाला, हे फारसं कोणी बोलत नाही. १९०१च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी इंग्रजांनी जहाजाने आणून नगरला ठेवले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात राहणारे जर्मन नगरच्या छावणीत स्थानबद्ध झाले. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाही तेच. हिमालयातून उतरून कराचीला जहाजाची वाट पाहणारा हाइनरिश हारर नावाचा ऑस्ट्रियन गिर्यारोहक १९३९ साली पकडला गेला आणि त्यालाही आधी नगरच्या छावणीत आणलं. नंतर त्याला डेहराडूनला हलवलं, तिथून तो पळाला, तिबेटात पोहोचला, आणि पुढे त्याने लिहिलेलं 'तिबेटमध्ये सात वर्षे' हे पुस्तक जगभर गाजलं. त्या सगळ्या प्रवासाची सुरुवात आपल्या नगरच्या तारेच्या कुंपणातून झाली, हे किती नगरकरांना माहीत असेल?

पण नेता कक्ष हे नाव पडलं ते १९४२मुळे.

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटेच सगळ्यांना उचललं. एक खास गाडी बोरीबंदरहून निघाली. चिंचवडला गाडी थांबवून गांधीजींना आणि त्यांच्याबरोबरच्यांना उतरवलं आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. गाडीतल्या बाकीच्या नेत्यांना घेऊन ती पुढे नगरला आली. आगाखान पॅलेस आणि नगरचा किल्ला, ही एकाच गाडीची दोन स्टेशनं आहेत असं मी नेहमी म्हणतो. आगाखान पॅलेसमध्ये सहा दिवसांतच महादेवभाई देसाई गेले, दीड वर्षाने कस्तुरबा गेल्या. १९६९ साली तो वाडा देशाला अर्पण झाला आणि आज तिथे माणसं समाधीपुढे उभी राहतात. नगरला कोणाची समाधी नाही. इथे फक्त एक चौक आहे आणि त्याच्याभोवती बराकीच्या खोल्या.

त्या खोल्यांत एकूण बारा जण होते. नावं एकदा सगळी घेतो, कारण एका दमात ती क्वचितच ऐकायला मिळतात. मौलाना अबुल कलाम आझाद, जे तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. जवाहरलाल नेहरू. सरदार वल्लभभाई पटेल. आचार्य कृपलानी. गोविंद वल्लभ पंत. आचार्य नरेंद्र देव. असफ अली. डॉ. पट्टाभि सीतारामय्या. डॉ. सय्यद महमूद. डॉ. प्रफुल्लचंद्र घोष. हरेकृष्ण महताब. आणि आपले शंकरराव देव.

सुरुवातीला सगळंच गुप्त होतं. कोणाला कुठे ठेवलंय हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देश पेटलेला आणि आतल्या माणसांना त्याचा आवाज नाही. (त्या महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला, आणि नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडेपर्यंत तो बोलत राहिला. रेडिओवर बोलताना ही आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.) गुप्ततेपायी एक गंमतही झाली. कैद्यांच्या जेवणासाठी गावातून एक स्वयंपाकी आणला. आत आल्यावर बिचाऱ्याला कळलं की आता बाहेर जाता येणार नाही, नाहीतर आत कोण आहे ते तो गावभर सांगेल. तो असा घाबरला की त्याला चुलीपुढे काही सुचेना. मौलाना आझादांनी हा किस्सा फार मजेत लिहिला आहे. बारा कैद्यांना रांधून घालायला आलेला तेरावा कैदी! नगरच्या त्या आचाऱ्याचं नाव कुठल्या फलकावर येणं शक्य नाही, पण माझ्या मनात तो त्या यादीत आहे.

कार्यक्रमात मुलांना माहिती सांगायला एक तरुण होता. उत्साही, आवाज चांगला. नेहरूंच्या खोलीपाशी त्याने मुलांना थांबवलं आणि सांगितलं, 'पंडितजींनी इथे डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं.' मुलांनी वहीत लिहून घेतलं, मोठ्यांनी मोबाइल काढून फोटो घेतले आणि रांग पुढे सरकली. मुलांबरोबर आलेल्या एका बाईंनी मात्र विचारलं, 'आणि बाकीचे अकरा जण काय करत होते?' प्रश्न साधा होता. त्या तरुणाला उत्तर देता आलं नाही, त्यात त्याचा दोष नाही. त्याला जे पाठ करायला दिलं होतं त्यात ते नव्हतं. पण संग्रहालय नावाच्या गोष्टीचं सगळं मर्म मला त्या प्रश्नात दिसलं. त्यामुळे बाईंना तिथे जे अर्धवट सांगितलं, ते आज जरा नीट सांगतो.

आधी नेहरूच घेऊ. त्यांची ही नववी आणि सगळ्यांत लांब कैद. एकूण १०४१ दिवस, त्यांतले बहुतेक नगरला. पुस्तक लिहायला घेतलं एप्रिल १९४४मध्ये, म्हणजे आत येऊन वीस महिने झाल्यावर, आणि सप्टेंबरपर्यंत पाच महिन्यांत हजारावर हस्तलिखित पानं झाली. १९४६ साली ते छापून आलं. दूरदर्शनवर १९८८मध्ये श्याम बेनेगलांनी त्याच्यावर 'भारत एक खोज' ही मालिका केली, ती आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत नेहरूंनी जे लिहिलं आहे ते फार कमी लोक वाचतात. ते म्हणतात की माझे सोबती म्हणजे हिंदुस्थानचाच एक नमुना होता. देशातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या भाषा आणि संस्कृत, पाली, अरबी, फारसी या जुन्या भाषा त्या एका चौकात नांदत होत्या. विचार करा. कृपलानींची सिंधी, पटेलांची गुजराती, घोषबाबूंची बंगाली, महताबांची ओडिया, पट्टाभींची तेलुगू, शंकररावांची मराठी, आझादांची उर्दू. नेहरूंनी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचे तर नाव घेऊन आभार मानले आहेत. म्हणजे ते पुस्तक एका माणसाने लिहिलं, पण शेजारच्या खोल्यांत जाऊन विचारत, वाद घालत लिहिलं.

बाकीचेही रिकामे बसले नव्हते. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानात बुडालेले होते. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'वरचं त्यांचं काम या कैदेत झालं. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. पट्टाभींनी रोज टिपणं ठेवली आणि त्यांचं 'फेदर्स अँड स्टोन्स' हे पुस्तक झालं. एका बराकीत एवढी पुस्तकं! गंमत पाहा, हा जिल्हाच मुळी पुस्तकांचा. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, १२९०मध्ये. सतराव्या शतकात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. ते मुसलमान आणि मराठी संतकवी, त्यामुळे माझ्यासारख्याला ते घरचे वाटतात यात नवल नाही. श्रीगोंद्याहून नगर काही फार लांब नाही.

आता आझादांकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे.

मौलानांनी किल्ल्यात लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक आहे, 'गुबार-ए-खातिर'. मनात साठलेली धूळ, असा काहीसा त्या नावाचा अर्थ. पत्रं त्यांचे मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली आहेत. पण ती पाठवता येत नव्हती. बंदीच होती. तरीही मौलाना 'प्रिय मित्र' असं मनाशी धरून लिहीत राहिले आणि कागद जवळ ठेवत राहिले. किल्ल्यातलं पहिलं पत्र १० ऑगस्ट १९४२चं, म्हणजे आल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं. सप्टेंबर १९४३पर्यंत ही पत्रं आहेत. १९४६मध्ये पुस्तक निघालं. उर्दू गद्याचा हा एक मानदंड मानला जातो. साहित्य अकादमीने १९६७मध्ये मालिक राम यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती काढली.

मी हे पुस्तक मुळातून वाचू शकलो, कारण घरात उर्दू होती. आम्ही घरी दखनी बोलतो, आजोबांनी उर्दू अक्षरं गिरवून घेतली, आणि शाळा-कॉलेज मराठीत झालं, बी.ए.ला मराठी घेतलं, कविता मराठीत सुचली. नगरला हे सगळं एका माणसात असणं फारसं नवलाचं नाही. निजामशाहीच्या काळात हसन शौकी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या तालिकोटच्या विजयावर दखनीत काव्य लिहिलं होतं. दखनी इथलीच आहे, ती कोणी बाहेरून आणून ठेवली नाही.

तर त्या पहिल्या पत्रातच नगर आहे. मौलाना लिहितात की स्टेशनापासून किल्ल्यापर्यंत रस्ता सरळ गेला, वाटेत एक वळण लागलं नाही. आणि त्यावरून त्यांच्या मनात येतं की ध्येयाच्या वाटेचंही असंच असतं, एकदा पाऊल टाकलं की मग वळण नाही. किल्ला दिसताच त्यांना चांदबीबी आठवते, अकबराचा सरदार अब्दुर्रहीम खानखानान आठवतो. हा तोच रहीम, ज्याचे दोहे हिंदीच्या पुस्तकात असतात. अटकेत चाललेला माणूस दाराशी इतिहासाची उजळणी करतो! किल्ल्याच्या तुरुंगाधिकाऱ्याचं नावही त्यांनी इतिहासातूनच काढलं. चांदबीबीच्या वेळच्या चीता खानाच्या नावावरून ते त्या गोऱ्या मेजरला 'चीता खान' म्हणू लागले.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतः चहा करत आणि लिहायला बसत. चहा दुधाचा नव्हे, चिनी, 'व्हाइट जॅस्मिन' नावाचा. दूध-साखर घालून उकळलेल्या आपल्या चहाची त्यांनी जी खिल्ली उडवली आहे ती वाचून नगरच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला राग यावा. मला स्वतःला घट्ट दुधाचाच चहा लागतो, पण ते पत्र वाचताना मौलानांचं पटल्यासारखं वाटतं.

मार्च १९४३ची दोन पत्रं चिमण्यांवर आहेत. खोलीच्या छताला लाकडी तुळया होत्या, त्यांत चिमण्यांनी घरटी केलेली. दिवसभर काड्या आणि पिसं खाली पडत. मौलानांनी आधी युद्ध पुकारलं. छत्री घेतली, मग लांब बांबू घेतला, चिमण्यांना हुसकलं, आणि चिमण्या पुन्हा आल्या. शेवटी त्यांनी हार मानून तह केला. तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. हळूहळू चिमण्या जवळ येऊ लागल्या, खुर्चीच्या हातावर बसू लागल्या, मग तळहातावरून दाणे टिपू लागल्या. त्यांना नावं पडली. एक मोती, एक कलंदर, आणि छाती काढून बडबड करणारा एक चिमणा, त्याचं नाव मुल्ला. एका मौलानाने चिमण्याला मुल्ला म्हणावं, यातली थट्टा आपल्या लक्षात येईलच. पाचवी-सहावीच्या मुलांना ही दोन पत्रं वाचून दाखवली तर ती नेता कक्ष जन्मात विसरणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आणि मग एप्रिल १९४३चं पत्र. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. ऑगस्टात मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या आणि 'खुदा हाफिज' एवढंच म्हणाल्या होत्या. आजार वाढल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. अधिकाऱ्याने सुचवलं की तुम्हाला सरकारला काही विनंती करायची असेल तर मी लगेच पोहोचवतो. नेहरूही येऊन बोलले. मौलाना म्हणाले, मला या सरकारकडे काहीही मागायचं नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम गेल्या. तार आली. मौलानांनी त्या काळात आपला दिनक्रम मोडू दिला नाही. त्याच वेळी जेवायला बसणं, त्याच वेळी लिहिणं. आणि हे सगळं वरवरचं होतं, आतून काय चाललं होतं, तेही त्यांनी लपवलेलं नाही. त्या पत्राच्या शेवटी ते आवारातल्या एका जुन्या कबरीविषयी लिहितात. कोणाची आहे माहीत नाही. शेकडो वेळा ती नजरेसमोरून गेली होती. पण त्या दिवसानंतर ती कबर पाहताना त्यांना वेगळंच वाटू लागलं, तिच्याशी काही नातं जडल्यासारखं.

पत्नीच्या अखेरच्या दिवसांत सरकारकडे काही न मागणारा हा माणूस मोठा की हट्टी, असं मला एकदा कॉलेजच्या मुलांनी विचारलं होतं. मी म्हणालो, पत्र वाचा आणि तुम्हीच ठरवा. अडचण अशी की ते पत्र वाचायला मुलांना उर्दू येत नाही. आणि नगरमध्ये, जिथे ते लिहिलं गेलं त्या गावात, आठवीतल्या मुलाच्या हातात देता येईल असं त्याचं सोपं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या कार्यक्रमातली दुसरी एक गोष्ट. चहा घेताना एक ज्येष्ठ गृहस्थ मला अगदी आपुलकीने म्हणाले, 'चांगलं केलंत आलात. शेवटी हा किल्ला तुमच्याच निजामशहाचा.' त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट मान द्यायचा होता. पण 'तुमच्याच' या शब्दाने मी अडलो. मी त्यांना फिरिश्त्याची गोष्ट सांगितली. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार, लहानपणी नगरला आला आणि इथेच वाढला. तो सांगतो की पहिल्या निजामशहाचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. मूळचं नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव, आणि घराणं पाथरीच्या कुळकर्ण्यांचं. लहानपणी तो बहामनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली ती पूर्वजांचं गाव म्हणून, आणि त्यावरून लढाया झाल्या. त्याच निजामशाहीत शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे सरदार होते. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाची, अशी परंपरा आहे. 'मग काका,' मी म्हटलं, 'तुमच्याच आणि आमच्याच हे वाटप कसं करायचं?' ते हसले, म्हणाले, 'पाथरी तर आमच्या सोयऱ्यांचं गाव.' आणि आणखी एक कप चहा मागवला.

संग्रहालयाचा विषय इथे येतो. एखादी सरकारी इमारत संग्रहालय होते म्हणजे काय होतं? आधी तिचा वापर थांबतो. मग कोणी तरी ठरवतं की हे जपायचं आहे. मग एक खोली, एक टेबल, काही फोटो, काही कागद निवडले जातात, आणि बाकीचं गळतं. निवडणं अटळ आहे, सगळं कोणालाच दाखवता येत नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलचं १९७९मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांना जिथे ठेवलं होतं त्या रॉबेन बेटावर १९९७मध्ये संग्रहालय झालं. तिथे तुरुंग दाखवायला जुने कैदीच उभे केले. आपण इथे राहिलो, इथे झोपलो, असं ते सांगत. नगरच्या बारा कैद्यांपैकी आज कोणी नाही. पण त्यांचं लिहिणं आहे. ज्या खोलीत बसून माणसाने लिहिलं, त्याच खोलीत त्याचा उतारा मोठ्याने वाचावा, इतकं साधं काम आहे. त्याला ना काचेचं कपाट लागतं, ना निधी.

नगरला संग्रहालयांची वाण नाही. १९६० साली सुरू झालेलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. १९९४पासूनचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते बघायला बाहेरून पुष्कळ लोक येतात. फराहबाग आहे, दमडी मशीद आहे. शाह डोंगरावरची सलाबतखानाची कबर तर सगळा गाव 'चांदबीबीचा महाल' म्हणून ओळखतो, इतकं ते नाव चिकटलं आहे. आणि तरीही शिर्डीला, शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांतले हजारो लोक रोज नगरला न थांबता पुढे जातात. कार्यक्रमातल्या भाषणांत यावरच सगळा भर होता. हॉटेलं किती, रस्ते किती, गाड्या लावायला जागा किती. ते प्रश्न खरे आहेत, पोटाचे आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त गाडी थांबल्यावर उतरलेल्या माणसाला काय सांगायचं, यावर कोणी दोन मिनिटंही बोललं नाही.

नेहरूंच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात बागकामाचा एक उतारा आहे. कैद्यांनी त्या रखरखीत चौकात फुलझाडं लावायचं ठरवलं. नेहरू स्वतः कुदळ घेऊन खणत. आझादांच्या पत्रांतही ही बाग आहे, वाफे आहेत, बी-बियाणं आहे. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागू लागले, घुमटांचे माथे लागू लागले. जमिनीखाली आधीचा कुठला तरी महाल होता. खोल खणायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. एकदा मात्र एका भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ लागलं. बहुधा एखाद्या दारावरचं असावं, असा नेहरूंचा तर्क.

मी हे बाईंना सांगत होतो तेव्हा त्यांच्या वर्गातली एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, 'ते कमळ आता कुठे आहे?' मी तिला पुस्तकाचं नाव आणि प्रकरण लिहून दिलं. तिच्या वहीत आधीच्या ओळीत 'पंडितजींनी इथे डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं' असं होतं, त्याच्याखाली तिने 'कमळ', मग 'चिमण्या (मुल्ला)' असं लिहिलं. बाकी अकरा नावंही तिने माझ्याकडून लिहून घेतली. महताबांच्या नावाचं स्पेलिंग मराठीत कसं, यावर आमची थोडी चर्चा झाली.

मार्च १९४५च्या अखेरीस किल्ला रिकामा झाला. प्रत्येकाला आपापल्या प्रांतातल्या तुरुंगाकडे पाठवलं. सय्यद महमूद त्याआधीच सुटले होते. नेहरू उत्तरेकडे गेले, आझाद बंगालमध्ये बांकुऱ्याला. जूनमध्ये ते सुटले. पत्रांची भेंडोळी मौलानांबरोबर बाहेर आली, आणि ज्यांना ती लिहिली होती त्या शेरवानीसाहेबांना शेवटी ती छापील पुस्तकातच वाचायला मिळाली.

आपल्याला किल्ला पाहायचा असेल तर एक लक्षात ठेवा. ती लष्करी जागा आहे. प्रवेशाचे दिवस आणि वेळ आधी विचारून घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावं, आणि कॅमेऱ्याचं विचारूनच काय ते करावं. पावसाळा संपता संपता जावं, तेव्हा खंदकाच्या काठची झाडी हिरवी असते. दाराबाहेर खंदकावरचा जुना झुलता पूल पाहायला विसरू नये. आणि जाताना शक्य असेल तर यांपैकी एखादं पुस्तक पिशवीत असू द्यावं. चौकात बसायला जागा आहे.